कृष्णेत पोहणारा भाऊ आणि दिवाळीचा समुद्र

प्रश्न : आम्ही डिचोलीला राहतो. यंदा भाऊबीजेसाठी माझा भाऊ सांगलीहून सगळ्यांना घेऊन येतोय, एकूण नऊ माणसं. आई सत्तरीची, तिला मधुमेह आणि रक्तदाब. दोन मुलं ७ आणि १२ वर्षांची, दोन पुतणे विशीतले. धनत्रयोदशीपासून त्यांनी दिवाडी बेटावर घर घेतलंय. ग्रँड आयलंडची होडी, स्कूबा, पाळोळे, भाड्याच्या स्कूटर असा बेत पुतण्यांनी ठरवलाय. मी इतकी वर्षं गोव्यात राहूनही समुद्रात घोट्याच्या पलीकडे उतरलेली नाही. काही बोलायला गेलं की भाऊ म्हणतो, "आम्ही कृष्णेच्या पुरात उड्या मारणारी माणसं, आम्हाला कसली भीती घालतेस?" त्याला न दुखवता काय सांगू? आणि नेमकं कशाला जपायचं?
— डिचोलीची बहीण

उत्तर :

ताई, त्याला भीती घालूच नका. पुराचाच विषय काढा. पुरात पोहणारा माणूस धारेच्या विरुद्ध कधी जात नाही. तो धारेबरोबर वाहत वाहत आडवा कापतो आणि खाली कुठेतरी काठाला लागतो. हे दादाला आमच्यापेक्षा चांगलं माहीत असणार. समुद्रात हेच करायचं असतं, पण नेमके पट्टीचे पोहणारेच ते विसरतात, कारण तिथे काठ समोर दिसत असतो. पाण्याची ओढ माणसाला सरळ आत नेत असते आणि तो दिसणाऱ्या किनाऱ्याकडे सरळ हात मारत राहतो, म्हणजे धारेच्या तोंडावर पोहतो. चांगला दमदार माणूसही काही मिनिटांत थकतो. त्याला एवढंच सांगा : इथे धार आत समुद्राकडे जाते, म्हणून काठ समोर नाही, डाव्या-उजव्या बाजूला आहे असं समज.

या ओढीला जीवरक्षक रिप करंट म्हणतात. लाटा पाणी किनाऱ्याकडे ढकलतात आणि ते पाणी परतताना वाळूच्या बांधांमधल्या खिंडीतून जोरात आत जातं. ही खिंड बहुधा दहा-वीस मीटर रुंद असते, फार नाही. गंमत अशी की वरून ती जागा सगळ्यात शांत दिसते. दोन्ही बाजूंना लाटा फुटून फेस होतोय आणि मधल्या पट्ट्यात लाट फुटतच नाही, पाणी थोडं गडद, कधी वाळूने गढूळ, फेस आणि कचरा आत सरकतोय. मुलांना घेऊन उतरायला माणसं हीच 'शांत' जागा निवडतात. किनाऱ्यावर पोचल्यावर पाच-दहा मिनिटं थोड्या उंचीवरून, वाळूच्या टेकाडावरून किंवा शॅकच्या पायरीवरून, पाणी बघा. खिंड ओळखता येते.

सापडलाच कोणी, तर आधी उताणं होऊन तरंगायचं, श्वास सांभाळायचा, एक हात वर करायचा. रिप खाली ओढत नाही, बाहेर नेते, आणि लाटा फुटतात त्या रेषेपलीकडे तिचा जोर ओसरतो. दम असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून फेसाळ लाटांच्या पट्ट्यात यायचं, मग लाटाच पुढे ढकलतात. बाकीच्यांनी मागून उडी टाकायची नाही. जीवरक्षकाला हाक मारायची, शिट्टी वाजवायची, तरंगणारं काहीही फेकायचं : रिकामा पाच लिटरचा झाकण लावलेला कॅन, थर्माकोलचा डबा, चेंडू. हातात हात धरून साखळी करायची पद्धत तर बंदच करा. एकाचा पाय सुटला की सगळी साखळी जाते.

आता तिथीचं बघू, कारण तुमच्या पाहुण्यांनी निवडलेले दिवस साधे नाहीत. दिवाळी म्हणजे अमावास्या, म्हणजे उधाण. भरती जास्त वर चढते, ओहोटी जास्त खाली जाते, आणि तेवढ्याच सहा तासांत जास्त पाणी ये-जा करतं. कोकणपट्टीतला जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे भरती सकाळी अकरा-साडेअकराला आणि ओहोटीचा तळ संध्याकाळी पाच-साडेपाचला. पुढे रोज साधारण पाऊण-एक तास उशीर धरायचा. हा झाला अंदाज. नेमकी वेळ मुरगाव बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघा, मोबाइलवर मिळतो.

याचा अर्थ असा की लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारभर, म्हणजे सगळे पाण्यात असतात त्याच वेळी, पाणी उतरत असेल. ओहोटीला वाळूचे बांध वर येत जातात, परतणाऱ्या पाण्याला खिंडीच तेवढ्या उरतात आणि ओढ वाढते. तेव्हा त्या दिवशी आंघोळ सकाळी नऊ ते अकरा, पाणी चढत असताना. दुपारी जेवण आणि झोप. मुलांची कुरकुर होईल, होऊ द्या.

झेंड्यांबद्दल वाद घालायला जागा नाही. अर्धा लाल अर्धा पिवळा असे दोन झेंडे दिसले की त्यांच्या मधल्या पट्ट्यावर जीवरक्षकाची नजर असते, तिथेच उतरायचं. नुसता लाल असेल तिथे पाय भिजवायलाही नको. गोव्यात २००८पासून सरकारने नेमलेल्या 'दृष्टी' कंपनीचे जीवरक्षक किनाऱ्यांवर असतात, पण सूर्य मावळला की पाण्यावर नजर ठेवणारं कोणी उरत नाही. टॉवर असलेला किनारा निवडा : कळंगुट, कांदोळी, कोलवा, बाणावली, पाळोळे. रिकामा, 'आपलाच' किनारा शोधायचा पुतण्यांचा हट्ट असेल तर तो फोटोपुरता ठेवा. नद्यांच्या मुखाशी मात्र कुठेच उतरू नका. बागा, मोरजी, केरी, तळपण, गालजीबाग ही सगळी मुखं ओहोटीला नदी आणि समुद्र दोघांचं पाणी एकदम बाहेर काढतात.

तुमचा भाऊ पोहतो म्हणून त्याच्याकडे सगळ्यांचं लक्ष असेल, पण घात बहुतेक वेळा गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्यांचा होतो. परतणारी लाट टाचेखालची वाळू उपसते, माणूस बसकण मारतो, पुढची लाट तोंडावर येते. साडी भिजली की पायांना गुंडाळते, जीन्स भिजून जड होते. वहिनींना सलवार किंवा गुडघ्यापर्यंतची पँट घालायला सांगा. समुद्राकडे पाठ करून फोटो नाही. सात वर्षांच्या मुलामागे एक मोठा माणूस, हात लांबवला की लागेल इतक्या अंतरावर, आणि त्या माणसाच्या हातात मोबाइल नाही. 'सगळे आहेत की लक्ष ठेवायला' असं म्हटलं की कोणीच ठेवत नाही. दर अर्ध्या तासाला माणूस बदला, नाव घेऊन बदला. हवेच्या ट्यूबा आणि दंडाला बांधायचे फुगे समुद्रात नकोत, वारा त्यांना मुलासकट आत नेतो.

दारूचं सरळ सांगा : आधी समुद्र, मग पेला, आणि पेल्यानंतर त्या दिवशी पाणी संपलं. एक-दोन बिअरवाला माणूस स्वतःला शुद्धीत समजतो, पण खारं पाणी नाकात गेल्यावर श्वास सावरायला लागणारा क्षण त्याला मिळत नाही. किनाऱ्यावर उघड्यावर बसून पिणं आणि बाटल्या फोडणं गोव्याच्या पर्यटन कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीपासून गुन्हाच आहे. गोव्यात दारू पिण्याचं कायदेशीर वय २१ आहे, पुतण्यांची वयं बघून घ्या.

कोणाला पाण्यातून बाहेर काढलं आणि श्वास नसेल, तर पोट दाबू नका, उलटं टांगू नका. त्यात वेळ जातो आणि पोटातलं अन्न घशात येतं. पाठीवर झोपवा, हनुवटी वर करा, नाक धरून तोंडाने दोन श्वास द्या, मग छातीच्या मध्यभागी ३० दाब, पाच-सहा सेंटीमीटर खोल, सेकंदाला जवळजवळ दोन. पुन्हा दोन श्वास. १०८ येईपर्यंत थांबायचं नाही. शुद्धीवर आलेला माणूस 'बरा आहे' म्हणाला तरी खोकला थांबत नसेल, धाप लागत असेल किंवा गुंगी येत असेल तर रुग्णालयातच न्यायचं. फुप्फुसात गेलेलं पाणी काही तासांनीही त्रास देतं.

पाळोळ्याला उत्तर टोकाशी काणकोण बेट आहे, लोक मंकी आयलंड म्हणतात. ओहोटीला मधल्या उथळ पाण्यातून चालत जाता येतं. इथे दिवाळीत एक सापळा आपोआप तयार होतो. ओहोटीचा तळ पाच-साडेपाचला, सूर्यास्त सहाच्या सुमारास. लोक पाचला रमतगमत जातात, सूर्यास्ताचे फोटो काढतात, आणि परत निघतात तेव्हा अंधार पडलेला असतो, पाणी चढत असतं आणि खालचे खडक दिसत नाहीत. भरती सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात बाराव्या हिश्श्याएवढी, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन. म्हणजे सुरुवातीला 'काही नाही चढलं' असं वाटतं आणि मग मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येतं. जायचंच तर तळाच्या तासभर आधी जा आणि तळ लागला की परत फिरा. पायात पकडीच्या चपला हव्यात, कालवं पाय कापतात. अडकलात तर अंधारात पाणी ओलांडू नका. उंचावर थांबा आणि ११२ला फोन करा, बेटावर रात्र काढणं परवडलं. भाऊबीजेच्या दिवशी तळ सातच्या आसपास जाईल, त्या दिवशी हा बेतच नको.

आता ग्रँड आयलंड. २५ डिसेंबर २०२४ला कळंगुटच्या समुद्रात पर्यटकांची होडी उलटली, वीस जणांना वाचवलं, एकाचा जीव गेला. तेव्हा होडी ठरवताना स्वस्त काय मिळतं याआधी ती कुठून सुटते ते विचारा. वाळूवरून, फुटत्या लाटांतून चढायचं असेल तर आईला नाहीच आणि मुलांनाही शक्यतो नको. जेटीवरून सुटणारी घ्या. परवान्यावर माणसं किती लिहिलीत आणि प्रत्यक्ष किती भरताहेत, लहान मापाची जॅकेटं आहेत का, हे पैसे देण्याआधी बघा. जॅकेट घातल्यावर पट्टे आवळा आणि दोन्ही खांद्यांना धरून वर उचलून बघा. कानापर्यंत सरकलं तर पाण्यात ते डोक्यावरून निघेल. मांडीखालचा पट्टा असेल तर तो लावायचाच. सीटखाली ठेवलेल्या जॅकेटचा काही उपयोग नाही, होडी उलटते तेव्हा शोधायला वेळ नसतो. आणि डॉल्फिन दिसला की सगळी होडी एका बाजूला धावते, त्याच क्षणी ती कलंडू शकते. नऊच्या नऊ जणांना आधीच सांगून ठेवा : बसल्या जागेवरून दिसला तर दिसला. उलटीची गोळी निघण्यापूर्वी अर्धा ते एक तास, होडी हलायला लागल्यावर नाही.

स्कूबाच्या जाहिरातीत 'पोहता येण्याची गरज नाही' असतं. ते खरं आहे, पण अर्धंच. पहिल्याच वेळी खाली जाणाऱ्याला १२ मीटरपेक्षा खोल नेत नाहीत, प्रशिक्षक हाताशी असतो. तरीही दहा मीटरवर शरीरावरचा दाब वरच्यापेक्षा दुप्पट असतो. म्हणून कान दुखायची वाट न बघता सुरुवातीपासूनच, दर हातभर खोलीला, नाक दाबून हलकेच हवा कानांकडे ढकलायची. सर्दी असेल तर त्या दिवशी खाली जायचंच नाही. आणि वर येताना श्वास कधीही रोखायचा नाही. खाली भरून घेतलेली हवा वर येताना फुगते आणि रोखलेल्या फुप्फुसाला इजा करते. पाण्यात उतरण्याआधी आरोग्याचा फॉर्म भरून घेत नसतील, आदल्या रात्री घेतलीत का असं विचारत नसतील, उथळ पाण्यात सराव देत नसतील, तर तिथून निघा. सात वर्षांच्याला स्कूबा नाही, दहाच्या खाली देत नाहीत. दमा, फिट्स किंवा हृदयविकार असलेल्याने आधी डॉक्टरांना विचारायचं.

सांगलीकरांना हे बहुधा कोणी सांगणार नाही : स्कूबानंतर विमानासारखाच घाटही चढायचा नसतो. खोल पाण्यात रक्तात विरघळलेला नायट्रोजन हवेचा दाब कमी झाल्यावर बुडबुडे होऊन बाहेर येतो. आंबोली समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास, चोर्ला आठशेच्या. एकदाच खाली गेलं असेल तर किमान १२ तास, सावधगिरीने १८. म्हणजे स्कूबा शेवटच्या दिवशी सकाळी करून दुपारी घरी निघणं रद्द. ती पहिल्या-दुसऱ्या दिवशी उरका.

दिवाडी आईसाठी चांगली निवड आहे, शांत आहे. पण पूल नाही, फेरीबोटीवरच सगळं. पहिल्याच दिवशी शेवटच्या फेरीची वेळ धक्क्यावर विचारा आणि रात्री-अपरात्री गरज पडली तर काय करतात तेही घरमालकाला विचारून ठेवा. मोठं रुग्णालय म्हणजे बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज), ते पाण्यापलीकडे आहे. म्हणून आईच्या गोळ्या दोन पिशव्यांत, इन्सुलिन असेल तर थंड डब्यात, साखर तपासायचं यंत्र सोबत, कोणाच्यातरी खिशात साखर. धक्क्याचा उतार शेवाळलेला असतो, आईला हात धरून, गाड्या उतरून झाल्यावर न्या. फेरीवर गाडी चढली की हँडब्रेक लावायचा, गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि माणसांनी बाहेर उभं राहायचं.

बेटाभोवतीचं पाणी मात्र पोहण्याचं नाही. कुंभारजुवे कालव्यात आणि आसपास मगरी आहेत, त्या बघायला होड्या जातात. दुर्भाटकडचे शेतकरी पौषात मातीची मगर करून 'मांगे थापणी'ची पूजा करतात ते उगाच नाही. दुसरी जागा म्हणजे खाजन शेतीच्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतल्या शेतीच्या, बांधावरची मानस, पाणी आत-बाहेर सोडायची झडप. तिची दारं ओहोटीला उघडतात तेव्हा पाणी त्या अरुंद तोंडातून जोरात बाहेर पडतं. वरून तळ्यासारखं दिसतं, बारा वर्षांच्या मुलाला गळ टाकायचा मोह होईल. त्याला बांधावरून लांबूनच दाखवा.

स्कूटरबद्दल थोडक्यात. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्याने दिली तर अपघातात विमा हात वर करतो. आरसी, विमा बघा, गाडीचा चौफेर व्हिडिओ काढा, मूळ आधार कार्ड ठेवायला देऊ नका. हेल्मेट दोघांनाही. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री पणजी, म्हापसा, मडगावात पहाटेपर्यंत नरकासुरांची गर्दी असते, रस्ते तुंबतात आणि प्यायलेले चालक फिरतात. नरकासुर बघायचा तर डिचोलीतला तुमच्या घराजवळचा चालत जाऊन बघा.

किनाऱ्यावर निळसर फुग्यासारखं काही पडलेलं दिसलं तर ते ब्लूबॉटल. मेलेलं असलं तरी डंख करतं, मुलांना उचलू देऊ नका. डंख झाला तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, गोड्या पाण्याने नाही. चोळू नका, वाळू घासू नका. चिकटलेले धागे चिमट्याने अलगद काढा आणि तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश, वीस मिनिटं ठेवा. आईचा पाय असेल तर पाण्याचा गरमपणा दुसऱ्याने हाताने तपासा, मधुमेहात पायाला चटका कळत नाही. दुपारच्या वाळूवर तिने अनवाणी चालायचं नाही तेही त्याचमुळे.

शेवटी हवामान. पावसाळा संपला म्हणून अरबी समुद्र निवळला असं नसतं. ऑक्टोबर ते डिसेंबर हा चक्रीवादळांचाही काळ. २०१९ साली ऐन दिवाळीत आलेलं 'क्यार' किनाऱ्यापासून लांबून गेलं, तरी गोव्याचा समुद्र खवळला होता. डोक्यावर ऊन असताना लांबच्या वादळाच्या उंच लाटा इथे पोचतात. निघायच्या आदल्या संध्याकाळी हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा बघा. त्यात 'समुद्रात जाऊ नये' असेल आणि तरीही कोणी होडी काढत असेल, तर ती घ्यायची नाही. समुद्रात कोणी अडकलंच तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ सगळ्यांच्या फोनमध्ये घालून ठेवा. होडीवाल्याने स्वतःहून फेरी रद्द केली तर त्याच्याशी घासाघीस करू नका, आगाऊ पैसे परत घ्या आणि दिवाडीहून नार्व्याची फेरी पकडा. शिवाजी महाराजांनी १६६८मध्ये जीर्णोद्धार केलेलं सप्तकोटेश्वराचं देऊळ तिथे आहे. मूळ देऊळ दिवाडीवरच होतं, ते पोर्तुगीजांनी पाडलं. नार्व्याहून डिचोली जवळच, दुपारचं जेवण तुमच्याकडे होईल.